बंद ओठांचं मत

“आणि हे बघा, तिथे जाऊन नुसतं ‘हूं’ म्हणून परत यायचं नाही,” येसेनियाने आल्डन ब्रिस्कोच्या कोटाला बिल्ला टोचता टोचता दम भरला.

“हूं,” आल्डन म्हणाला.

रांगेत पुढे उभी असलेली बाई फिस्सकन हसली. लॉस एंजेलिसमधल्या त्या हॉटेलच्या दालनात माइकपुढची रांग दारापर्यंत आली होती. आल्डनला घाम फुटला होता. घरून निघताना त्याने दोनदा ठरवलं होतं की जायचं नाही, आणि दोन्ही वेळा येसेनियाने गाडीचा हॉर्न वाजवला होता.

आल्डनने उभी हयात एका कॉलेजातली कॉम्प्युटरची जाळी सांभाळण्यात घालवली. तारा, यंत्रं यांच्याशी त्याचं छान जमे. माणसांपुढे मात्र तोंडातून ब्र निघत नसे. घरात दोघांच्या वाट्याचं बोलणं त्याची बायको मर्नाच बोलायची. तिने गॅरेजमध्ये एक संस्था सुरू केली होती. चाकाच्या खुर्च्या, कुबड्या, वॉकर, ज्याला लागेल त्याला फुकट वापरायला द्यायचे आणि गरज संपली की परत आणायचे. ते परत येतीलच, ही आपली मर्नाची समजूत. माणसं घरं बदलत, गावं बदलत, मरत, आणि खुर्च्या कुठल्या कुठे जात. मग आल्डनने तिला लग्नाच्या वाढदिवसाला इंटरनेटवरचं एक नाव, म्हणजे संस्थेच्या वेबसाइटचा पत्ता, घेऊन दिलं. तो पत्ता छापलेली पट्टी प्रत्येक खुर्चीच्या पाठीला चिकटवली: काम झालं की इथे कळवा, आम्ही न्यायला येऊ.

“लोकांचे नवरे कानातलं आणतात, माझ्याने पत्ता आणला,” असं मर्ना पुढे कितीतरी वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. पण खुर्च्या परत येऊ लागल्या, हे खरं. एक तर नेवाडाच्या वाळवंटातल्या एका बंद पेट्रोल पंपावरून आली. शेवटचं वर्ष मर्ना त्याच खुर्चीत बसली. ती गेल्यावर संस्थेचा गाडा येसेनिया रुएलास ओढू लागली. तिच्या वडिलांचे पाय गेल्यावर पहिली खुर्ची मर्नानेच नेऊन दिली होती.

आणि आता त्या नावावरच गदा आली होती. सेवाभावी संस्थांसाठी राखलेल्या असल्या नावांचा सगळा कारभार एक ना-नफा संस्था पाहत असे. तो कारभार एका गुंतवणूक कंपनीला विकायचा घाट घातला गेला होता. कंपनी आपल्या भागीदारांचं भलं बघणार, त्यात तिचा तरी काय दोष? पण उद्या तिने नावांचं वार्षिक भाडं मनाला येईल तसं वाढवलं, किंवा कुणा बड्याच्या तक्रारीवरून एखादं नाव बंदच केलं, तर दाद कुणाकडे मागायची? विक्रीला परवानगी देणारं मंडळ आज लोकांचं ऐकून घेणार होतं आणि दुपारी निर्णय देणार होतं. कुणाकुणाच्या अंधाऱ्या खोल्यांत पडलेल्या खुर्च्यांवरच्या पट्ट्या बदलायला आल्डन कुठे जाणार होता? मर्नाच्या खुर्च्यांना घरची वाट सापडणार नाही, एवढीच त्याची धास्ती होती, आणि ती काही लहान नव्हती.

त्यात व्यासपीठावर, विकत घेणाऱ्यांच्या बाजूला, डॉर्सी व्हिटलो बसलेला. कंपनीचा सल्लागार. इंटरनेट कसं चालावं हे ठरवणाऱ्या इंजिनिअरांच्या सभांना तो आणि आल्डन तीस वर्षं शेजारी शेजारी बसले होते. मर्नाच्या हातचा मक्याचा पाव हा माणूस मागून मागून खायचा. आज त्याने आल्डनकडे एकदा पाहिलं आणि पाण्याच्या ग्लासात काही पडलंय का ते बघू लागला.

रांग पुढे सरकत होती. चर्चच्या गायकवृंदाचा मास्तर बोलला, भटक्या कुत्र्यांना घर शोधून देणारी बाई बोलली. टाळ्या पडल्या. अध्यक्षबाईंनी घंटी वाजवून बजावलं, “टाळ्या नकोत. फक्त माइकवर बोलायचं.”

आल्डनची पाळी आली.

“मी आल्डन ब्रिस्को,” तो म्हणाला, आणि गाडी तिथेच अडली. वेळ दाखवणारा माइकजवळचा हिरवा दिवा पिवळा झाला. येसेनियाने डोळे मिटून घेतले.

“मला बोलता येत नाही,” आल्डन शेवटी म्हणाला. “आमच्या सभांमधे असं काही अडलं की आम्ही हुंकार घ्यायचो. घेऊ का?”

“काय घ्यायचात?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

मंडळातले दोन पिकल्या केसांचे सभासद खुदकन हसले. त्यातल्या एकाने अध्यक्षबाईंना समजावलं. त्या इंजिनिअर मंडळींत हात वर करून मत द्यायची पद्धत नव्हती. हात वर केला की साहेबाला दिसतो, आणि उद्या त्याची फळं भोगावी लागतात. म्हणून प्रश्न विचारायचा आणि ज्याला पटेल त्याने तोंड मिटून ‘हूं’ करायचं. आवाज भरला की कौल कळतो. कुणी दिला ते कळत नाही आणि विचारायचंही नसतं. पण ही पद्धत त्यांची, घरातली. बाहेरच्या चारशे माणसांपुढे, कॅमेऱ्यांसमोर ती काढणं म्हणजे सासरी येऊन माहेरची भाषा बोलण्यातला प्रकार. हे आल्डनच्या लक्षात शब्द तोंडून निघून गेल्यावर आलं आणि त्याचे कान लाल झाले.

“टाळ्यांना मनाई आहे,” अध्यक्षबाई जरा विचार करून म्हणाल्या. “हुंकाराबद्दल नियमात काही नाही. पण लवकर आटपा.”

“नावांचा कारभार ना-नफा संस्थेकडेच राहावा असं ज्यांना वाटतं, त्यांनी,” आल्डन म्हणाला.

आधी कुणालाच धीर होईना. मग मागे कुठेतरी गायकवृंदाच्या मास्तराने सूर लावला, आणि एकाएकी सगळं दालन घुमू लागलं. खुर्च्यांच्या पाठी थरथरल्या. त्या घुमण्यात आल्डनला एक आवाज वेगळा ऐकू आला. व्यासपीठाकडून येणारा, खर्जातला, शेवटी किंचित चिरकणारा. तीस वर्षं तो आवाज त्याच्या डाव्या कानाशी होता. त्यात चूक होणं शक्य नव्हतं. डॉर्सी टेबलाकडे बघत बसला होता. ओठ मिटलेले, चेहरा दगडासारखा. त्याच्या शेजारचे कंपनीचे वकील कागद चाळत होते.

“आता विकावा असं ज्यांना वाटतं, त्यांनी.”

एसी चालू आहे हे तेव्हा सगळ्यांना कळलं. वकिलांनी एकमेकांकडे पाहिलं. पण असल्या शांततेत एकट्याने ‘हूं’ करायला फार जाड कातडी लागते.

“थँक यू,” आल्डन म्हणाला आणि आपल्या जागेवर जाऊन बसला.

दुपारी मंडळाने विक्रीला नकार दिला. असं का, याची कारणं अध्यक्षबाईंनी बराच वेळ वाचून दाखवली. हुंकाराचा त्यात उल्लेखही नव्हता. बाहेर पार्किंगमध्ये माणसं एकमेकांच्या गळ्यात पडत होती. येसेनिया रडत होती, हसत होती, फोनवर ओरडत होती. तेवढ्यात डॉर्सी कोट हातावर टाकून एकटाच बाहेर आला, आणि तिचा तोल सुटला.

“या या, साहेब! मर्नाच्या टेबलावर जेवलात ना तुम्ही? तुमच्या आईचं हाड मोडलं तेव्हा वॉकर कुणी दिला होता? आणि आज तिचं नाव विकायला बसलात. एक शब्द बोलवला नाही तुम्हाला! अळीमिळी गुपचिळी!”

डॉर्सी उभा राहिला. ऊन डोळ्यांवर येत होतं तरी त्याने हात आडवा धरला नाही. त्याने फक्त आल्डनकडे पाहिलं.

आल्डनच्या जिभेवर आलं होतं. एक वाक्य बोललं असतं तर येसेनिया वरमली असती, मित्राची मान वर झाली असती. पण कंपनीची माणसं चार पावलांवर गाडीची वाट बघत होती. आणि ती नसती तरी, कुठला हुंकार कुणाचा हे सांगायचं नसतं. त्याला फार वाईट वाटलं. ते वाक्य गिळून तो कोटावरचा बिल्ला काढू लागला.

“बरोबर आहे तुझं, पोरी,” डॉर्सी येसेनियाला म्हणाला. ती पाय आपटत गाडीकडे गेली.

दोघं म्हातारे जुन्या सवयीने शेजारी शेजारी उभे राहिले, डॉर्सी डाव्या हाताला.

“आज मर्ना असती,” डॉर्सी म्हणाला, “तर मला ओळखलं असतं तिने.”

आल्डनने ओठ मिटलेले ठेवले.

“हूं,” तो म्हणाला.