सात नंबरचा स्पॉट

बारावीच्या जीवशास्त्राच्या प्रॅक्टिकलला यंदा सात नंबरच्या स्पॉटवर माझी थोरली बहीण होती.

तिथं ओळखायला गांडूळ असायचं. तेवीस वर्षं असायचं. त्या सकाळी मी कपाटातून बरणी काढली तर आत नुसतं पिवळट पाणी. गांडूळ विरघळून गेलं होतं. मी बरणी उजेडात धरली, हलवली, झाकण काढून वास घेतला. काही नाही. तेवढ्यात अक्का माझा डबा घेऊन आली आणि जिना चढून दम लागला म्हणून टेबलामागच्या स्टुलावर टेकली. बाहेरगावचे परीक्षक, ज्यांना आम्ही एक्स्टर्नल म्हणतो, टेबलावर नंबराच्या चिठ्ठ्या लावत येत होते. पाच, सहा. सातची चिठ्ठी त्यांनी टाचणीनं अक्काच्या खांद्याला लावली आणि आठकडे गेले.

"साहेब, ही माझी बहीण आहे."

"सजीव आहे ना?"

"आहे."

"मग चालेल. अभ्यासक्रमात आहे."

टाचणी जरा आत गेली होती. अक्का "आई गं" म्हणाली. एक्स्टर्नलनी मागं वळून वहीत लिहिलं : प्रतिसाद देते.

अक्का उठायला लागली. उठता आलं नाही. चिठ्ठी लागली की स्पॉट हलत नाही, हा नियम आहे, आणि तो मीच दरवर्षी पोरांना ओरडून सांगतो.

"तुळश्या," ती म्हणाली, "ह्यो मानूस काय करतोय रं?"

"परीक्षा आहे अक्का. गप बस जरा."

"माझी कसली परीक्षा? म्या चौथीतच सोडली शाळा, तुला शिकवायला. आन् तूबी दहावीत आपटलास."

एक्स्टर्नलनी मला बाजूला घेतलं. माणूस वाईट नव्हता. शर्टाच्या खिशाला तीन पेनं, हातात कॉलेजनं दिलेल्या पोह्यांची बशी. म्हणाले, "घाबरू नका मामा. चोवीस मुलं आहेत. एकानं जरी बरोबर ओळखलं तर नमुना तुम्हाला परत. कुणीच ओळखलं नाही तर बरणीत. आणि कुणी आतून सांगितलं तर स्पॉट रद्द. रद्द झालेला नमुनाही बरणीतच जातो."

मग त्यांनी बरणी आणायला सांगितली. मी आणली. स्टाफरूमजवळचं पाण्याचं निळं पिंपच आणलं, कारण अक्का मोठी होती. त्यात नमुने टिकवायचं फॉर्मॅलिन ओतलं. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. ते फॉर्मॅलिननं येतंच.

मी या प्रयोगशाळेतला परिचर. घंटा वाजवणं, काचा धुणं, नमुने पुसणं ही माझी कामं. दहावी नापास, पण बारावीचं जीवशास्त्र तोंडपाठ आहे, कारण मी ते तेवीस वर्षं फडक्यानं पुसतोय. स्पॉटची यादीही मीच लिहितो. एक : जास्वंदीचा उभा छेद. दोन : कांद्याची साल, सूक्ष्मदर्शकाखाली. तीन : झुरळ. असं दहापर्यंत. प्रत्येकापुढे ओळख आणि दोन वैशिष्ट्ये. माझं अक्षर चांगलं आहे. यादी परीक्षेच्या आठ दिवस आधी चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात जाते आणि तिथून सगळ्या गावात. प्राचार्यांना हे माहीत आहे, विभागप्रमुख सरनोबत मॅडमना माहीत आहे, पालकांना तर सगळ्यांच्या आधी. निकाल शंभर टक्के लागतो. पेपरात फोटो येतो. पास व्हायला डोळे लागत नाहीत हे आमच्या कॉलेजनं केव्हाच सिद्ध केलंय, आणि त्या सिद्धतेला अक्षर माझं आहे.

सात : गांडूळ. १) शरीर वलयांकित. २) त्वचा ओलसर, श्वसन त्वचेतून.

असं यंदाही लिहून गेलं होतं.

खरं तर ही गांडुळं एके काळी अक्काच आणून द्यायची. बेडूकही. ओढ्याकाठी चिखलात हात घालायची, पत्र्याच्या डब्यात गोळा करायची, डोक्यावरून कॉलेजात पोचवायची. त्या ओळखीवर मला इथं चिकटवलं. म्हणजे विरघळलेलं गांडूळही बहुतेक तिनंच धरलेलं.

सहा नंबरवर पण तीच होती. तिथं परीक्षानळीत लघवीचा नमुना ठेवतात आणि बेनेडिक्टचं द्रावण घालून तापवतात. साखर असेल तर निळ्याचा विटकरी रंग होतो. एरवी आम्ही पाण्यात ग्लुकोज टाकून वेळ मारून नेतो. यंदा ग्लुकोज संपलं होतं. अक्काला सात वर्षं साखरेचा आजार. मी आदल्या दिवशी तिच्याकडून बाटली भरून आणली होती. रंग इतका झकास आला की मॅडम म्हणाल्या, "वा मामा, यंदा अगदी ओरिजिनल."

मी पहिली घंटा वाजवली.

प्रत्येक स्पॉटला दोन मिनिटं. घंटा झाली की पोरगं पुढच्या नंबरवर सरकतं. सातव्या घंटेला पहिला मुलगा अक्कासमोर आला. त्यानं मान वर केली नाही. यादी डोक्यात घेऊन आलेला माणूस मान वर करत नाही, डोक्यातलं सांडेल म्हणून. लिहिलं : गांडूळ. शरीर वलयांकित.

अक्काच्या मनगटावर एक वळी पडली. बांगड्या होत्या तिथं. बांगड्या आत गेल्या आणि त्यांच्या जागी कातडीच्या वळ्या राहिल्या.

"तुळश्या, हात आखडला रं माझा."

मी घंटा वाजवली. दुसऱ्यानं तेच लिहिलं. तिसरीनं त्वचा ओलसर असं आधी लिहिलं, तेव्हा अक्काच्या कपाळावर, गळ्यावर ओल आली आणि तिचं नाक गप्प झालं. छाती हलायची थांबली. ती मेली नव्हती. कातडीतून श्वास घेत होती.

चौथा सुयश. तो आमच्याच गल्लीतला. लहानपणी त्याची आई कामाला जायची तेव्हा हा अक्काकडे जेवायचा. त्यानं मान वर केली. या परीक्षेत मान वर करणारा तो पहिला.

"काय रं सुयश्या," अक्का म्हणाली, "वळखलंस का?"

"ओळखलं की मावशी. बऱ्या आहात ना?"

"कसली बरी! ल्ही मग नीट."

"हो," तो म्हणाला आणि लिहिलं : गांडूळ.

"आरं भाड्या! माझ्या हातची भाकर खाल्लीस ना तू?"

"मावशी, दोन मार्काचा प्रश्न आहे," सुयश हळू आवाजात म्हणाला. "यादीत गांडूळ आहे. मी माणूस लिहिलं आणि मार्क गेले तर? मेडिकलला अर्ध्या मार्कानं नंबर हुकतो." आणि बाकीच्यांपेक्षा आपलं उठून दिसावं म्हणून एक वैशिष्ट्य पदरचं घातलं : पाठीचा कणा नसतो.

अक्का स्टुलावर घसरली. आता ती बसू शकत नव्हती. मी तिला उचलून ट्रेमध्ये ठेवली. उचलताना ती फार हलकी लागली. एक्स्टर्नलनी पिंपाकडे बघितलं, मग तिच्याकडे. "मामा, एवढं मोठं कशाला? लहान बरणी आणा."

मी आणली. सांगितलेली वस्तू आणायची ही तेवीस वर्षांची सवय आहे. ती सुटायला दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागतो.

बरणी ठेवून मी सरनोबत मॅडमकडे गेलो. त्या हजेरीपटावर सह्या घेत होत्या.

"मॅडम, सात नंबरवर माझी बहीण आहे."

"माहीत आहे हो मामा. मी काय आंधळी आहे? पण आता एक्स्टर्नलसमोर नको. नंतर बोलू आपण."

"नंतर ती बरणीत असेल."

"मग लेबल तरी नीट लिहा," त्या म्हणाल्या. "मागच्या वेळी स्पेलिंग चुकलं होतं."

कॉलेजात मला सगळे मामा म्हणतात. पोरं, मास्तर, प्राचार्य, सगळे. इतकी वर्षं मी ते गोड मानून घेतलं. त्या दिवशी पहिल्यांदा हिशोब केला की मी या चोवीस जणांचा मामा असेन, तर माझी बहीण त्यांची कोण लागते? कुणीही हा प्रश्न सोडवला नाही. तो यादीत नव्हता.

पण माझ्याकडे खुणा होत्या. यादी विसरलेल्यांसाठी मी त्या दरवर्षी करतो. नाकाला हात लावला तर प्राणी. कानाला हात, वनस्पती. डोकं खाजवलं तर रसायन. शर्टाची कॉलर ओढली तर 'यादीप्रमाणे लिही'. एवढ्याच. 'नीट बघ' अशी खूण आम्ही कधी ठेवलीच नव्हती. लागलीच नव्हती.

बाराव्या नंबरला एक मुलगी आली. पहिल्या बाकावरची, हुशार. मी तिच्याकडे बघून माझ्या डोळ्यांना बोट लावलं. मग ट्रेकडे बोट केलं. मग पुन्हा डोळ्यांना. बघ, बाई, बघ. तिनं माझ्याकडे बघितलं, कपाळाला आठ्या घातल्या, मग तिला समजलं. हसून मान हलवली आणि लिहिलं : डोळे नसतात.

अक्काचे डोळे पापणीसकट बुजले.

"तुळश्या, दिवा घालवला व्हय?"

"नाही अक्का. आहे चालू."

"मग मला भूक लागलीया रं. गोळी घिऊन दोन तास झालं. चक्कर यील मला. डब्यात गवारीची भाजी हाय, त्यातली चतकोर भाकर दे."

डबा तिथंच, टेबलाखाली होता. नमुन्याला खायला देता येत नाही. दिलं तर स्पॉट रद्द. मी डबा उघडला आणि तिला वास तरी यावा म्हणून ट्रेजवळ धरला. तिला नाक नव्हतं, पण ती डब्याकडे वळली. एक्स्टर्नलनी लिहिलं : गंधाला प्रतिसाद.

त्यानंतर पोरं भराभर आली. हुशार पोरांनी जास्त नुकसान केलं. ढ पोरं यादीतली दोनच वैशिष्ट्यं लिहून गेली. हुशारांनी पुस्तकातली घातली. एकानं लिहिलं, चौदा ते सोळा या वलयांवर पट्टा असतो, तेव्हा लुगड्याचा काठ गोळा होऊन तिच्या कातडीत मुरला. एकीनं लिहिलं, आवाज काढण्याचे इंद्रिय नसते. अक्का तेव्हा मला शिव्या देत होती. शिवी अर्धीच राहिली. ती कोणती हे मला माहीत आहे, मी लहानपणापासून खाल्लीय, पण पुढची अर्धी मला अजूनही ऐकायचीय. मी तीनदा बरणी बदलली. शेवटी लोणच्याच्या बरणीएवढी पुरली.

मधे मी सहा नंबरच्या उत्तरांवर नजर टाकली. तेवीसच्या तेवीस बरोबर. नमुना मानवी लघवीचा. साखर आढळते. व्यक्ती मधुमेही असावी, योग्य आहार व औषध घ्यावे. एकानं तर 'काळजी घ्यावी' असंही लिहिलं होतं. नळीतली अक्का सगळ्यांनी ओळखली होती. तिथून हातभर अंतरावर तिला कुणी ओळखत नव्हतं.

चोविसावी शबाना मुलाणी. तिनं फॉर्म गेल्या वर्षीही भरला होता, पण परीक्षेला बसली यंदाच. वर्षभर शिलाई मशीनवर काम करत होती, कॉलेजात फिरकली नव्हती, त्यामुळे यादी तिच्यापर्यंत पोचलीच नव्हती. जास्वंदीपासून तिचं सगळं चुकत आलं होतं. झुरळाला तिनं 'घरात असते ते' असं लिहिलं होतं, नाव आठवेना म्हणून. प्रत्येक स्पॉटवर पोरगी वाकून, बारकाईनं, पूर्ण दोन मिनिटं बघायची आणि थोडंच लिहायची.

ती सातवर आली.

अक्का आता बोटभर होती. तांबूस, ओली. एका टोकाला तिच्या नाकातला बारीक खडा चमकत होता. तो कुणाच्या वैशिष्ट्यात नव्हता म्हणून राहिला होता.

शबाना वाकली. तिचा श्वास लागला तशी अक्का तिच्याकडे वळली.

"मामा," शबाना म्हणाली, "याला चमकी कशी?"

बोललो तर रद्द.

"माझ्या आईला अशीच आहे," ती म्हणाली. "डाव्या बाजूला."

"बोलायचं नाही," एक्स्टर्नल म्हणाले. "लिहा."

ती लिहीना. बघत राहिली. तिनं पेनाच्या मागच्या टोकानं ट्रे हळूच फिरवला आणि दुसऱ्या बाजूनं बघितलं. मग बोट ओलं करून अक्काच्या पाठीवर ठेवलं, बाळाचा ताप बघतात तसं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. एक मिनिट पन्नास. बरणीचं झाकण उघडं होतं.

"मामा, घंटा," एक्स्टर्नल म्हणाले.

घंटा पितळेची आहे, मुठीत धरून हलवायची. मी ती उचलली. दुसरा हात आत घालून तिची टोल पाडणारी दांडी घट्ट पकडली आणि घंटा जोरात हलवली. आवाज झाला नाही. नऊ नंबरवरचं पोरगं नऊवरच राहिलं, आठवरचं आठवर. घंटा होत नाही तोवर वेळ संपत नाही, हाही नियम आहे.

"मामा, घंटा."

"वाजवतोय साहेब," मी म्हणालो आणि पुन्हा हलवली.

शबानाच्या कपाळावर एक आठी आली. तिनं पेनाचं टोपण काढलं.

एक्स्टर्नल चिडले नाहीत. त्यांनी पोह्यांची बशी बाजूला ठेवली, खिशातलं तिसरं पेन काढलं, माझ्याकडे एकदाही न बघता वहीचं नवं पान उघडलं आणि यादीतली दोन वैशिष्ट्यं लिहिली.

माझी मूठ ओली झाली. बोटांवर वळ्या पडल्या. दांडी हातातून हळूहळू निसटायला लागली, मी आवळली तशी जास्तच, आणि शबानाचं पेन कागदाला टेकलं.