चारनंतर पाणी बंद

“आठ वर्षांची घोडी झालीस, लाज नाही वाटत?” आत्याने ओली चादर दोन बोटांत धरून घरातल्या सगळ्यांना दिसेल अशी उंच उचलली. भाची मान खाली घालून उभी होती. पाच वर्षं कोरडी झोपणारी पोर गेले तीन आठवडे रोज अंथरूण ओलं करत होती, आणि आत्याच्या मते हा निव्वळ माज होता.

“वन्सं, किती वाळलीय हो ती,” भावजय चाचरत म्हणाली. “काल बाथरूमच्या नळाला तोंड लावून पीत होती. डॉक्टरांना दाखवू या का?”

“का, मी मेलेय? बत्तीस वर्षं दवाखान्यात काढली मी. दुपारी चारनंतर हिला थेंब द्यायचा नाही. आपोआप ताळ्यावर येईल.”

दवाखान्यात म्हणजे केसपेपरच्या खिडकीमागे. पण रोग्यांची नावं लिहिता लिहिता सगळी डॉक्टरकी आपल्या अंगात उतरली, अशी तिची पक्की समजूत होती. रांगेतल्या बायांची तोंडं बघून ती आजार ठरवायची आणि मनाला न पटणारीला “गुरुवारी या” म्हणून वाटेला लावायची. गल्लीने तिला अर्धी डॉक्टरीण म्हणायला सुरुवात केली, तर त्यातलं ‘अर्धी’ तिला कधी ऐकूच आलं नाही. भावाबद्दल काय सांगावं? पोरीचा बाप म्हणून निदान ब्र तरी काढायचा! त्याने पेपरात डोकं घातलं, आणि त्याच संध्याकाळी घरातल्या पाण्याच्या बाटल्या मुकाट्याने कपाटावर चढवल्या.

चौथ्या दिवशी सकाळी पोरीला उलट्या सुरू झाल्या. धाप लागल्यासारखा श्वास चालला होता आणि तोंडाला पिकून गेलेल्या फळासारखा वास येत होता. “नाटकं पुरे,” आत्या खेकसली. पोरीने डोळेच उघडले नाहीत. दुसऱ्यांदा खेकसली तेव्हा मात्र तिचा स्वतःचाच आवाज कापला.

दवाखान्यात खिडकी तीच होती, मागे नवी पोरगी होती. आत्या रांग मोडून पुढे घुसली. “मी इथलीच आहे,” ती म्हणाली. पोरगीने ओळख दाखवली नाही.

“तक्रार काय?”

“उलट्या. आणि अंथरूण ओलं करते.”

पोरगीने पेन खाली ठेवलं. “आधी करायची? तहान फार लागते? वाळलीय का?”

आधीचं नाही, बाकी दोन्ही हो, असं भावजय रडत रडत सांगत गेली. पोरगी उठलीच. “कागद नंतर करू. आधी आत न्या हिला, साखर बघायला हवी.”

“एवढ्याशा पोरीला कुठली साखर?” आत्या म्हणाली.

“मावशी, बाजूला व्हा.”

बत्तीस वर्षांत त्या खिडकीपाशी तिला असं कुणी बोललं नव्हतं. ती बाजूला झाली.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं, सुई लावली, सलाइन सुरू केलं. “हिच्या लघवीतून साखर जातेय, ती पाणी ओढून नेते. मग तहान लागणारच. पाणी पीत होती म्हणून इतके दिवस तगली. कालपर्यंत पीत होती ना?”

“चारनंतर बंद केलं होतं,” भाऊ म्हणाला. इतक्या वर्षांत त्याला तोंड फुटलं ते आता.

“कुणी सांगितलं?”

भाऊ आणि भावजय, दोघांनीही आत्याकडे पाहिलं. तिची नजर जमिनीवरून हलेना. आपण गुरुवारी बोलावलेल्या बायांच्या कडेवरच्या पोरांना काय काय झालं असेल, हे तिच्या मनात आयुष्यात पहिल्यांदा आलं आणि तिला स्वतःची शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नर्सने थोडं थोडं पाणी द्यायला सांगितलं. भावजय औषधं आणायला खाली गेली होती. आत्याने पेल्यात थोडं पाणी ओतून तो पुढे केला. कोरड्या ओठांवरून जीभ फिरवत पोरीने पेल्याकडे पाहिलं, पण हात लावला नाही.

“आत्या,” तिने हळूच विचारलं, “चार वाजून गेलेत ना?”

 आत्याने पोरीच्या मानेखाली हात घातला आणि पेला तिच्या ओठांना लावला. शेवटचा घोट संपेपर्यंत आत्याने स्वतःची मान वर केली नाही.