लाल अक्षरांची जागा

शेन गुरुजी लाकडी माशावर, म्हणजे माशाच्या आकाराच्या पोकळ लाकडी वाद्यावर, ठेका धरून धर्मकथा गाऊ लागले, की तोंगली गावच्या कालव्यातल्या होड्या काठाला लागत. ओवी संपली की मागून त्यांची बायको युनजेन अमिताभ बुद्धाच्या नामाचा सूर धरायची, ‘नमो अमिताभ’. गुरुजी गेले, आणि उरलं ते शिष्य गाओ लिननं इंटरनेटवर मांडलेलं. एकेका कथेचं एकेक पान. शब्द काळे, नामाची जागा लाल, खाली दुवा. तो दाबला की गुरुजी गाऊ लागत.

युनजेननं फोनवर पानापानावरचा आवडीच्या खुणेचा तारा दाबदाबून सगळी पानं जपली होती. आज वर्षश्राद्ध. देवळात गुरुजींचाच आवाज लावायचा, असं तिनं सगळ्या बायांना सांगितलेलं. सकाळी पान उघडलं, तर मधोमध एकच ओळ : ‘लेखकाने हा मजकूर काढून टाकला आहे.’ दुसरं उघडलं, तेच.

तिनं गाओला फोन लावला.

“गुरुआई, जुनं रेकॉर्डिंग फार खरखरायचं हो. सगळं नव्यानं करतोय.”

“अरे, खरखरत का होईना, त्यांचं होतं ना?”

“त्यांचंच तर पुढं नेतोय मी!” असं म्हणून त्यानं घाईत फोन ठेवला.

भाची पेइलान शेजारीच होती. “आत्या, तारा म्हणजे नुसती खूण गं. मालकानं पान फाडलं की खूण कशावर राहणार? अख्खा गाव तारा दाबतो आणि मग रडत बसतो.”

“मग गेलंच म्हणायचं?”

“जातंय कुठं! मी पानं आधीच लॅपटॉपवर उतरवून ठेवलीत.”

तिनं उघडून दाखवलं. काळी अक्षरं, लाल अक्षरं, दुवा, सगळं जागच्या जागी. युनजेननं पडद्यालाच हात जोडले.

देवळात उदबत्त्या लागल्या. पेइलाननं दुवा दाबला. लाकडी मासा टकटकला, पण गाऊ लागला तो गाओ.

पेइलानचा चेहरा उतरला. “आत्या, पान माझ्याकडे आलं, आवाज त्याच्याकडेच राहिला. त्याच जागी मेल्यानं स्वतःचा ठेवलाय!”

युनजेन हलली नाही. ओवी संपत आली, पडद्यावर लाल अक्षरं आली, आणि गाओच्या मागून सूर उमटला, ‘नमो अमिताभ’. जरासा कापरा, भक्तीनं भिजलेला.

सूर तिचाच होता. गुरुजींच्या पाठून काढून त्यानं तो आपल्या पाठीशी लावला होता.

“तूच ना गं ही? किती गोड!” शेजारीण कुजबुजली. बायांनी सवयीनं सूर मिळवला. युनजेनचे ओठ मात्र मिटलेलेच राहिले.