अव्वल शाळा

शाळांची गुणवत्ता तपासणारं पथक आमच्या गावात येनार होतं. आदल्या दिवशी हेडमास्तर घरी आले.

"रेणुकाबाई, मंजुश्रीले उद्या पाठवू नका. वाचताना अडखळते, शाळेचा दर्जा पडते."

"तिले शिकवते कोन?" मी इचारलं. ते चहा न घेताच गेले.

तिच्या जागेवर त्यायनं सोताचा पोरगा बसवला. तो तालुक्याले इंग्रजी शाळेत शिकते. त्यानं धडा घडाघडा वाचला, साहेब लोक खूश झाले, शाळा अव्वल ठरली.

मंग सत्काराले पालकायले बोलावलं, टाळ्या वाजवाले. मी लेकीचा हात धरून गेली. फाटकापाशी ती थांबली.

"माय, मी आत आली तं दर्जा पडन ना वं?"