जादाचा बोल्ट

लातुरात कोचिंगवाल्यांच्या खुर्च्या कोण बनवतं, असं औसा रोडला कुणालाही विचारा, जुबेरचंच नाव सांगतील. अन् त्याची खुर्ची ओळखायची कशी? खाली वाकून बघा. जिथं सारी दुनिया चार बोल्ट लावते, तिथं ह्याचे पाच! बायको रईसा चिडवायची, "तुमच्या खुर्चीवर बसलेलं पोरगं डॉक्टर होईल, म्हातारं होईल, पण खुर्ची काय हलायची न्हाई."

चिडवायची खरी, पण पाचव्या बोल्टाचं कारण तिलाही ठाऊक होतं. किल्लारीच्या भूकंपात गावाकडच्या घरात लोखंडी कपाट जुबेरच्या अम्मीच्या अंगावर कोसळलं. भिंतीला ते एका खिळ्यावर अडकवलेलं. जुबेर तेव्हा शाळकरी पोर. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. हा तर पाणीही फुंकून प्यायला लागला.

अन् अशा बापाच्या घरी जन्मली तूबा! क्लास सुटला की एकचाकी सायकलवर गल्ली पालथी घालणारी. ना हँडल, ना ब्रेक. एक चाक, वर सीट, सीटवर ही कार्टी. रविवारी नांदेडला तिची स्पर्धा, अन् जुनी सीट ऐन वेळी तळातून चिरलेली. पुण्याच्या एका खेळाडूनं कार्बन फायबरची बैठक पाठवली होती. एकच, अन् तीही बिनभोकाची. सोबत त्याच मालाचा एक कापीव तुकडा, हात बसवायला.

जुबेरनं बैठक उचलली अन् बघतच राहिला. हातभर वस्तू, वजन मात्र पापडाचं! बोटानं वाजवली, तर ना लोखंडासारखी बोलली, ना लाकडासारखी. "ही काय भानगड हाय गं?"

"कार्बनचे धागे हायत, अब्बा. विणून, राळेत चिकटवलेले."

"धाग्यावर बसणार व्हय तू?"

त्यानं सवयीनं तुकड्यावर पंच ठेवून हातोडी घातली. लोखंडाला आधी खूण ठोकायचीच असते ना! चर्रकन थर उकलला. नवा माल शिकायला मिळाला म्हणून जुबेर घाबरायच्या ऐवजी खुलला. मग खाली लाकडाचा ठोकळा दिला, वर चिकटपट्टी लावली अन् ड्रिल अगदी हळू चालवलं. काळी भुकटी उडाली, भोक स्वच्छ पडलं. चार भोकं पाडून त्यानं तुकडा वाकवून बघितला. जाम हटेना. "वा रे पठ्ठे!"

मग सवयीनं मधोमध पाचवं पाडलं अन् पुन्हा वाकवलं. कट्! चीर एका भोकातून दुसऱ्यात सरळ पळाली.

जुबेरनं त्या चिरेवरून बोट फिरवलं. तुटलेल्या धाग्यांची टोकं त्याच्या बोटाला टोचली. जेवढी भोकं, तेवढे धागे कापले. म्हणजे इथं त्याची काळजीच पोरीला पाडणार होती.

"अति तिथं माती," दारातून रईसा म्हणाली, पण ह्या वेळी हसली न्हाई.

मग खऱ्या बैठकीच्या पोटाला बसेल असा ठोकळा त्यानं कानशीनं घासून घेतला. एक, दोन, तीन, चार. ड्रिल अजून फिरतच होतं अन् हात आपसूक मधोमध आला. तूबा पुढं सरकली. बैठक गेली तर रविवार गेला, हे दोघांनाही कळत होतं. अन् चारच बोल्टांवरची बैठक रस्त्यात सुटली तर? अम्मीवर पडलेलं कपाट जुबेरच्या डोळ्यापुढून हलेना.

"अब्बा," ती हळूच म्हणाली, "तुम्हीच वाकवून बघितलंय न्हवं?"

त्यानं बटण बंद केलं.

चार बोल्ट आवळले, पुन्हा आवळले, सीट दोन्ही हातांनी हिसकून बघितली. तूबा वर चढली, जराशी डगमगली अन् गल्लीतून सुसाट सुटली. रोजच्यासारखे जुबेरचे दोन्ही हात तिला झेलायला पुढं आले. लई भ्याला होता तो. पण मागं धावला न्हाई. हात खिशात घातले, तर सवयीनं काढून ठेवलेला पाचवा बोल्ट तिथंच होता. ती कोपऱ्यावरून वळून परत येईपर्यंत त्यानं तो मुठीत घट्ट धरून ठेवला.