टोकन घेतल्याशिवाय महाराजांना दिसत नाही

फर्निचरच्या दुकानावरचा हॉल माणसांनी गच्च भरला होता, तरी टाचणी पडली तर ऐकू यावी इतकी शांतता होती. खालून लाकडाच्या पॉलिशचा वास येत होता. तोही काही भक्तांना दिव्य सुगंध वाटत असावा, कारण ते डोळे मिटून दीर्घ श्वास घेत होते.

सेवकाने टोकनाचा नंबर पुकारला आणि ताई उठून पुढे गेली.

"बाई, तुझ्या छातीत डाव्या बाजूला गाठ आहे," अंतर्यामी महाराज म्हणाले. "सोमवारी सुरी लागणार आहे. घरात कुणाला पत्ता नाही."

ताईने महाराजांपुढे डोकं टेकलं. हॉलभर हुंकार उठला. मागच्या भिंतीला तिची धाकटी बहीण टेकून बसली होती. ती केवळ सोबत म्हणून आली होती, महाराजांची मनातल्या मनात टर उडवत. आणि सख्ख्या बहिणीला गाठ आहे, हे तिला या माणसाच्या तोंडून, एवढ्या परक्या लोकांबरोबर कळत होतं.

"सुरी लावायची नाही," महाराजांनी हात वर केला. "सुरी लागली की गाठ खवळते. रोज अनशापोटी माझं पाणी घे. मी आतून तिला विरघळवतो."

घरी आल्यावर धाकटीने पर्स आपटली. "मला का नाही सांगितलंस?"

"तू रागावतेस. आत्ता रागावली आहेस तशी."

"आणि त्या पाणीवाल्यासाठी ऑपरेशन टाळणार?"

"मी कुणाला एका शब्दाने बोलले नव्हते. तरी त्यांना कळलं. हे कसं, ते सांग आधी. फोनसुद्धा दारातल्या टोपलीत ठेवून घेतात, यंत्राच्या लहरींनी त्यांची समाधी मोडते म्हणून. मग यात लबाडी कुठे आहे?"

धाकटी ग्राहक मार्गदर्शन केंद्रात बसायची. फसलेली माणसं दिवसभर तिच्यासमोर येऊन तेच रडगाणं गायची आणि ती दिवसभर तेच सांगायची, की बाबांनो, वाचल्याशिवाय 'हो' दाबू नका. लोक मान डोलवायचे आणि जिना उतरता उतरता कुठेतरी 'हो' दाबायचे. घसा कोरडा करून घेण्याचा तिला पगार मिळत होता.

"टोकन कुठून मिळतं गं?" तिने विचारलं.

"त्यांच्या अ‍ॅपवर. मेसेज वाचू द्यायचे का, फोटो बघू द्यायचे का, असं काहीबाही विचारतं. मी 'हो' म्हटलं. नाहीतर टोकनच मिळत नाही."

"मेसेज वाचू दिलेस? ताई, हॉस्पिटलचा मेसेज कशावर आला होता?"

"म्हणजे महाराज माझे मेसेज वाचत बसतात? त्यांना दुसरी कामं नाहीत? आणि मी काय चोरीमारी केलीय? लपवण्यासारखं आहे काय माझ्याकडे?"

जी बाई नवऱ्यापासून गाठ लपवून होती, ती हे म्हणत होती. धाकटीने कपाळाला हात लावला. या वाक्याशी ती रोज भांडायची आणि रोज हरायची. बोलून उपयोग नव्हता, दाखवायलाच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने नवीन नंबर घेतला, कपाटातला जुना फोन चालू केला आणि त्यावर महाराजांचं अ‍ॅप उतरवलं. अ‍ॅपने जे जे मागितलं ते सगळं तिने देऊन टाकलं. मग कचेरीतल्या मैत्रिणीला त्या नंबरवर मेसेज पाठवायला लावले: 'तुझ्या जुळ्या भावाला पुन्हा जामीन नाकारला.' 'आईला कळू देऊ नकोस, तिला धक्का बसेल.' मैत्रीण हाडाची नाटकी. तिने शेवटी 'तुरुंगात त्याला खोकला झालाय' हेही स्वतःच्या पदरचं जोडलं.

पुढच्या दरबाराला दोघी बहिणी पुन्हा गेल्या आणि धाकटी मुद्दाम लांब बसली. तिच्या नंबरचा पुकारा झाला.

महाराजांनी डोळे मिटले, मान गोल फिरवली, सुस्कारा सोडला. "लोखंडी गज दिसतात मला. गजांमागे तुझाच चेहरा, पण पुरुषाचा. तुझा जुळा भाऊ, मुली. आईच्या पोटात तुम्ही एकमेकांचा हात धरून होतात."

"महाराज, त्याची तब्येत?"

"छातीत कफ आहे. खोकतोय. जामीन पुन्हा नाकारलाय. आईला सांगू नकोस."

हॉल गहिवरला. कुणीतरी डोळे पुसले. आणि मधल्या ओळीतून ताई सावकाश उभी राहिली.

"ही माझी पाठची बहीण आहे," ती म्हणाली. "ही जन्मली तेव्हा मीच हिला मांडीवर घेतलं होतं. एकटीच होती. आम्हाला भाऊ नाही."

महाराजांनी एक डोळा उघडला. "मागच्या जन्मीचा भाऊ असेल."

"मागच्या जन्मी जामीन मिळायचा?" धाकटीने विचारलं आणि मग ती लोकांकडे वळली. "हा भाऊ मी परवा मेसेजमधून जन्माला घातला. टोकन घेताना तुम्ही यांना मेसेज वाचायची परवानगी दिलीत. आतल्या खोलीत बसून यांची माणसं ते वाचतात आणि हे इथे डोळे मिटून म्हणून दाखवतात. फोन टोपलीत ठेवून घेतात, म्हणजे तुमचा फोनवर संशयच जायला नको."

काही जण सेवकांना जाब विचारायला उठले. पण पुष्कळसे बसूनच राहिले. "महाराज श्रद्धेची परीक्षा घेतात," एक आजोबा शांतपणे म्हणाले. "आणि वाचलं तर वाचलं. आम्हाला काय लपवायचंय?"

धाकटीला ओरडावंसं वाटलं. "आजोबा, तुमचं दुखणं तुमच्याच फोनमधून चोरून तुम्हालाच ऐकवलं, तर तो चमत्कार झाला? आणि समजा, गाठ आहे हे याने ओळखलं. ओळखणं वेगळं आणि बरं करणं वेगळं. पत्र फोडून वाचणारा माणूस डॉक्टर कधीपासून झाला? एवढा तरी विचार करा. परवानगी काढून घ्या आणि औषधं बंद करू नका."

आजोबांनी मान डोलवली. ती कशी डोलवली जाते, हे धाकटीला चांगलं ठाऊक होतं.

ताईने टोपलीतून आपला फोन उचलला आणि ती जिन्यात जाऊन थांबली.

"गाठ तर खरीच आहे ना," ती म्हणाली.

"खरी आहे."

"रिपोर्ट घरी पाठवू नका, असा मीच हॉस्पिटलला मेसेज केला होता. तो वाचला मेल्यांनी." ती पायरीवर बसली. "मी तारीख रद्द करून टाकलीय. तुला बोलले नाही. मला सुरीची भीती वाटत होती गं. ते नको म्हणाले, तर इतकं बरं वाटलं."

तिने तिथूनच फोन लावला. सोमवारची जागा दुसऱ्या कुणाला देऊन झाली होती. त्यानंतर आठवड्याने जमेल, असं पलीकडून सांगितलं. एक अख्खा आठवडा त्या पाण्यात वाहून गेला होता. धाकटीचे डोळे संतापाने भरून आले.

"चालेल, लिहून घ्या," ताई फोनवर म्हणाली. मग तिने धाकटीचा हात धरला. "घरी गेल्यावर तू मध्ये बोलू नकोस. तुला त्या हॉलमध्ये कळलं. तुझ्या भावोजींना तरी माझ्या तोंडून कळू दे."