दांड्यावरच्या सात खुणा

मित्रांनो, मी एक निवृत्त शॉकअप आहे. 'निवृत्त' हा माझा शब्द झाला. गॅरेजात मला भंगारच म्हणतात. पुस्तकात माझे नाव बरेच लांबलचक आहे म्हणे, पण त्या नावाने मला आजवर कोणी हाक मारलेली नाही. एक लोखंडी नळी, तिच्यात तेल आणि तेलात वरखाली होणारा एक चकचकीत दांडा, एवढाच माझा संसार. रस्त्याने चाकाला धक्का दिला की तो मी आधी खायचा आणि गाडीत बसलेल्यांपर्यंत पोचू द्यायचा नाही, हे माझे काम. हे काम नीट झाले तर कोणाला काही जाणवतच नाही, त्यामुळे कौतुकाचा प्रश्न येत नाही.

कारखान्यातून मी आणि माझा जुळा भाऊ एकाच खोक्यातून बाहेर पडलो. एका लाल, बुटक्या, दोन माणसांच्या स्पोर्ट्स कारच्या मागच्या चाकांशी आम्हाला उभे केले. भाऊ डावीकडे, मी उजवीकडे. आमची पहिली मालकीण पोहायला शिकवत असे. खड्डा दिसला की ती गाडी हळू करायची आणि तो ओलांडला की स्वतःशीच म्हणायची, "शाबास." ती शाबासकी गाडीला होती की आम्हाला, हे मी कधी विचारले नाही. घेतली मात्र मी माझ्यासाठीच. पुढे तिचे गुडघे दुखू लागले, खाली वाकून गाडीत शिरणे जमेना, आणि तिने गाडी विकली.

ती घेतली एका दंतवैद्याने. गाडी मुळातच ठेंगणी, पण याचे समाधान होईना. ती आणखी दोन इंच खाली बसवा, चाके आणि पत्रा यांच्यामध्ये बोट जाता कामा नये, अशी त्याची फर्माईश. त्यासाठी तो ज्या गॅरेजात आला ते एका भाच्याचे होते, आणि तिथले सगळ्यात जुने कारागीर होते त्याचे मामा. गिऱ्हाइकेही त्यांना मामाच म्हणत. भाच्याला हातात पाना धरायला त्यांनीच शिकवले होते. पहिल्या दिवशी त्यांनी त्याला स्वतःची पकड देऊन टाकली होती. पुढे एक गंजका बोल्ट पिरगाळताना त्या पकडीचा एक दात तुटला, तरी भाच्याने ती टाकली नाही. तेव्हा तो मामांना फार मानत असे, असे मी ऐकले आहे.

मामांनी दंतवैद्याला समजावून पाहिले. स्प्रिंगा आखूड टाकणार असाल तर शॉकअपही आखूड टाका, नाही तर यांचा दांडा कायम निम्मा आत बुडलेला राहील आणि हे लवकर मरतील, असे ते म्हणाले. दंतवैद्य हसला. जे कोणाला दिसत नाही ते कशाला बदलायचे, असे त्याचे म्हणणे. लोकांच्या दातांच्या मुळांवर ज्याचे घर चालते तो माणूस हे म्हणाला, मित्रांनो. मी तर थक्कच झालो.

काम दोघांनी वाटून घेतले. डावी बाजू मामांनी, उजवी भाच्याने. मामांचा एक नियम होता. दांड्याच्या वरचे नट आवळताना दांडा स्वतःभोवती फिरू लागतो. अशा वेळी त्याच्या टोकाच्या भोकात चावी घालून तो धरायचा. काही झाले तरी त्याला पकड लावायची नाही. दांडा काचेसारखा गुळगुळीत असतो. त्याच्यावर ओरखडा उठला की तो तेल अडवणारे सील फाडतो.

पण माझ्या दांड्याचे भोक झिजलेले होते, चावी गरगर फिरे. दंतवैद्याला चार वाजता मित्रांना गाडी दाखवायची होती आणि तो दारात उभा राहून एकसारखा घड्याळ बघत होता, कामाकडे त्याचे लक्ष नव्हते. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. मामा गाडीच्या पलीकडे खाली बसलेले. भाच्याने एकदा तिकडे पाहिले, फडकेसुद्धा न गुंडाळता मला पकडीत धरले आणि नट आवळून टाकले. माझ्या दांड्यावर सात खुणा उमटल्या. चार, मग एका तुटक्या दाताची मोकळी जागा, मग तीन. वरून त्याने रबराचे आवरण ओढले आणि माझी अब्रू झाकली.

खुणा दांड्याच्या पार वरच्या टोकाला होत्या. गाडी उंच असती तर ती जागा सीलपर्यंत कधी पोचलीच नसती, आणि भाच्याने मनात हाच हिशेब केला असावा. पण ती गाडी त्याने स्वतःच नुकती दोन इंच खाली बसवली होती. दांड्याला जागा मिळावी म्हणून मधला रबरी ठोकळाही अर्धा कापला होता. त्यामुळे पहिल्याच मोठ्या खड्ड्यात त्या सातही खुणा सीलमध्ये घुसल्या. दीड महिन्यात माझ्या अंगावरून तेलाचे ओघळ आले.

दंतवैद्य तणतणत गॅरेजात आला. भाच्याने खाली वाकून पाहिले, माझ्याकडे बघितले, आणि उभा राहत म्हणाला, "उजवी बाजू मामांनी बसवली होती, डॉक्टर. वय झालंय त्यांचं."

मामा तिथेच होते. ते काही बोलतील म्हणून मी वाट पाहिली. त्यांनी आपले दोन्ही हात पुढे धरून बघितले. "असेल बाबा," ते म्हणाले. "हल्ली नजर धड नाही."

मित्रांनो, चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण तुम्ही पाठ केली असेल. पण इथे संन्याशालाही वाटू लागले की चोरी आपणच केली. चाळीस वर्षांचा हात, पण मधल्या दीड महिन्यात कितीतरी गाड्या त्याखालून गेलेल्या, आणि भाचा इतक्या ठामपणे बोलला की मामांनी त्याच्यावर विश्वास ठेवला आणि स्वतःच्या हातावर ठेवला नाही. मी तिथे लटकत होतो, सगळे ठाऊक असून मुका. तेव्हा मला जो राग आला तो अजून गेलेला नाही.

त्या दिवसापासून मामांकडून पाने गेले. पाण्याच्या पिंपाजवळ एका स्टुलावर बसून ते काढलेले नटबोल्ट रॉकेलमध्ये धुऊ लागले. घरीही ते कपबशी दोन्ही हातांनी धरू लागले, असे मामी नंतर सांगत होत्या.

दंतवैद्याने मला लगेच बदलले असे समजू नका. चालतेय तोवर चालू दे, हे त्याचे धोरण. तेल गेलेला शॉकअप म्हणजे नुसती नळी. मी आठ महिने रिकाम्या पोटी आदळत राहिलो. त्याची बायको पाठीला हात लावून गाडीतून उतरायची. पुढे तिने त्या गाडीत बसणेच सोडले. शेवटी एका वळणावर गाडीचे बूड सरकले आणि सगळी उजवी बाजू भिंतीला घासली. पत्रा लोकांना दिसतो. तेव्हा कुठे आखूड शॉकअपची नवी जोडी आली.

आम्हा दोघांना काढले. माझा भाऊ अजून कोरडा होता, पण आम्हाला जोडीनेच बदलतात, म्हणून तोही गेला. आवरणे काढायला आम्हाला मामांकडे दिले. मामांनी माझे रबर खाली ओढले आणि सवयीने दांड्यावरून अंगठा फिरवला. अंगठा थांबला. परत फिरला. चार, मोकळी जागा, तीन. त्यांच्या नजरेला ते दिसले असते की नाही कोण जाणे, अंगठ्याला मात्र सगळे वाचता आले. मग त्यांनी माझ्या भावाचा दांडा चाचपला. तो अगदी गुळगुळीत होता.

"तुझी पकड दे जरा," मामा म्हणाले.

भाच्याने न बघता दिली. मामांनी ती माझ्या खुणांवर ठेवली आणि ती तंतोतंत बसली. भाच्याने मान वर केली तेव्हा दंतवैद्य बाहेर फोनवर बोलत होता. आत आम्ही चौघेच होतो, ते दोघे आणि आम्ही दोघे भाऊ.

"चुकलास त्याचं काही नाही रे," मामा हळूच म्हणाले. "चुका मीही ढीगभर केल्यात. पण तू मला माझ्याच हातावर संशय घ्यायला लावलास."

"गिऱ्हाईक समोर होतं, मामा. तोंडातून निघून गेलं."

"आणि आठ महिन्यांत परत घेता आलं नाही?"

 भाच्याने पाना उचलून मामांच्या हातात दिला आणि नव्या शॉकअपकडे बोट दाखवले. हा तुम्हीच बसवा, असे म्हणाला. एवढे बरे केले त्याने. मामा उठले. त्यांची पाठ एकदम सरळ झाली होती. त्यांनी पाना नटाला लावला. पाना सटकला. पुन्हा लावला, पुन्हा सटकला. आठ महिने बसून राहिलेला आणि आठ महिने स्वतःला म्हातारा म्हणवून घेतलेला हात तो. तिसऱ्या वेळी पाना खाली पडला आणि त्याचा आवाज बाहेरपर्यंत गेला.

दंतवैद्य फोन खिशात टाकत आत आला. "मी तेव्हाच म्हटलं होतं ना, मामांना माझ्या गाडीला हात लावू देऊ नका?"

आता तरी भाचा सांगेल, असे मला वाटले. सात शब्दही लागले नसते. त्याने जमिनीवरचा पाना उचलला, पुसला आणि म्हणाला, "हो डॉक्टर. मीच बसवतो."

 मामांनी एका वर्तमानपत्रात मला गुंडाळले, काखेत मारले आणि घरी आले. पुन्हा ते गॅरेजात गेले नाहीत. माझा भाऊ भंगारात गेला, त्याचा निरोपही घेता आला नाही. मी मामांच्या खिडकीत आहे. हा तेलकट दांडका घरात कशाला, म्हणून मामी दोन दिवस कुरकुरल्या. राहू दे, कामाचा आहे, एवढेच मामा म्हणाले. रोज सकाळी ते माझ्या खुणांवरून अंगठा फिरवतात. मग खिडकीच्या गजाला अडकवलेल्या एका बोल्टवर नट चढवायचा प्रयत्न करतात. कधी चढतो, कधी चढत नाही.

गेल्या सुट्टीच्या दिवशी भाचा फळे घेऊन आला. बेलच्या आवाजासरशी मामा उठले आणि खिडकीत येऊन त्यांनी माझ्यावर टॉवेल टाकला. मी टॉवेलाखालून सगळे ऐकले. बोलता बोलता मामींनी विचारले की अरे, यांच्या हाताचं असं एकाएकी काय झालं रे?

 मग भाच्याचा आवाज आला. "वय झालं, मामी."

आणि मामा म्हणाले, "फळं काप ना. गोड दिसतायत."

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी काही तरी सांगून जायची रीत आहे. दांड्याला पकड लावू नका, तेल गळताना दिसले तर आठ महिने थांबू नका, हे सगळे आहेच. ते तुम्ही वहीत लिहाल आणि विसराल. माझे मागणे वेगळे आहे. धक्का खाऊन गप्प राहणे हे माझे काम होते आणि त्यासाठीच मला घडवले होते. घरच्या माणसाला ते काम लावू नका.